मोटरी लावा, सांडू आले

आदिनाथ सांडू पळू लागले ही बातमी सुखसागर कॉलनीत पसरली, तेव्हा कारभारींनी एकच प्रश्न विचारला, "कुणाच्या मागं?"

कारभारी पोलीस खात्यातून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. त्यांच्या हिशेबी माणूस दोनच कारणांनी पळतो. एक तर त्यानं काहीतरी केलेलं असतं, नाहीतर ज्यानं केलंय त्याला धरायचं असतं. पन्नाशीला टेकलेला, शाळेत हेडक्लार्क असलेला, पोटावर शर्टाची बटणं ताणलेला माणूस भल्या सकाळी अर्ध्या चड्डीत निघतो, घाम गाळतो आणि परत आपल्याच घरी येतो, यात कलम कोणतं लागतं हे त्यांना कळेना.

खरं म्हणजे हा सगळा घोळ 'काका' या एका शब्दानं केला. समोरच्या घरातला धम्मपाल बँकेत नोकरीला होता आणि त्याला पळायचा नाद होता. हिवाळ्यात शहरात मोठी दौड व्हायची होती, दहा किलोमीटरची. धम्मपाल तिच्याबद्दल सांगता सांगता सहज बोलून गेला, "तुम्हाला नाही जमायचं काका, पण बघायला या." सांडूंना दौडीचं काही नव्हतं, पण तो 'काका' त्यांच्या बरगडीत रुतला. "टाक माझं नाव," ते म्हणाले. बाण सुटला होता.

शालूबाईंनी, म्हणजे सांडूंच्या सौभाग्यवतींनी, हे ऐकून नुसतं वर माळ्याकडं पाहिलं. माळ्यावर एक हार्मोनियम होती, तिच्यावर सांडूंची बोटं 'सा रे ग म'च्या पुढं कधी सरकली नव्हती. शेजारी उर्दू शिकण्याचं पुस्तक होतं, ते अलिफ-बेवर थांबलेलं. योगासनांची चटई सध्या गच्चीवरच्या टाकीला ऊन लागू नये म्हणून कामाला आली होती.

"तुम्ही आजवर धसास लावलेली एक गोष्ट सांगा," शालूबाई म्हणाल्या. "आन लग्न धरू नका. ते माझ्यामुळं टिकलंय."

ते शब्द सांडूंना फार लागले. खोटं असतं तर इतकं लागलं नसतं. त्यांनी मनाशी गाठ मारली की पहिला नंबर नको, दहावाही नको, सगळ्यात शेवटी आलो तरी हरकत नाही, पण त्या दौडीच्या शेवटी जी कमान असते तिच्याखालून आपण आपल्या पायानं जायचं. आयुष्यात एक गोष्ट पुरी करायची.

आणि तिसऱ्या दिवशी त्यांनी पळणं सोडायचं ठरवलं.

मांड्या भरून आल्या होत्या, जिना उतरताना तोंडातून देवाचं नाव येत होतं. कारणही तयार होतं, धूळ. शहरात काय कमी धूळ होती? पण त्याच दिवशी एक प्रकार घडला. तो कळायचा तर आधी सुखसागर कॉलनीचं पाणी समजून घ्यावं लागेल.

त्या साली शहराचं नाव अजून औरंगाबाद होतं आणि पाऊस मराठवाड्याची वाट विसरला होता. जायकवाडीचं पाणी तळाला गेलेलं. शहर मात्र वाढतच होतं. मुकुंदवाडी स्टेशनच्या मागं जिथं ज्वारी व्हायची तिथं प्लॉट पडले, प्लॉटांवर घरं आली, घरांवर मजले चढले, मजल्यांवर काळ्या टाक्या बसल्या. वाढली नाही ती फक्त पाइपलाइन. आपली कॉलनी त्या पाइपलाइनच्या पार शेपटाला. नावातच सागर आहे तर यांना आणखी पाणी कशाला, असंही कुणाला वाटलं असेल.

पाणी पाच-सहा दिवसांआड यायचं. दिवस ठरलेला, वेळ नाही. लाईनमन मुंजाबा आपली लांबलचक लोखंडी चावी खांद्यावर टाकून निघायचा आणि वरच्या गल्लीपासून एकेक वॉल्व उघडत खाली यायचा. दाब असा नसायचाच. मोटर लावल्याशिवाय पाणी नळातून डोकावतसुद्धा नसे. ज्याची मोटर आधी लागली त्याची टाकी भरली, ज्याला उशीर झाला त्याच्या मोटरला नुसती हवा. त्यामुळं वरच्या गल्लीत पाणी सुटल्याचं कळणं म्हणजे अर्धी लढाई जिंकणं. पण कळणार कसं? तिकडच्या माणसाला फोन करावा तर तो म्हणायचा, "नाय बा, अजून थेंब नाय," आणि त्याच्याच फोनमधून मागं मोटर घुरघुरत असायची. पाण्याच्या दिवशी खरं बोलणारा माणूस पाहण्यात नव्हता.

तर त्या तिसऱ्या दिवशी सांडू पाय ओढत घरी आले, पायरीवर बसले आणि बूट काढता काढता म्हणाले, "वरच्या गल्लीत गणपतीच्या देवळापाशी रस्ता ओला होता. एक जण मोटरसायकल धुवू राहिला होता."

शालूबाईंचे कणकेतले हात थांबले. "मोटरसायकल धुवू राहिला होता?"

"व्हय."

"आन हे तुम्ही आत्ता सांगू राहिले?"

पुढच्या मिनिटाला मोटर लागली. त्या उन्हाळ्यापासून पहिल्यांदाच सांडूंची टाकी काठोकाठ भरली. वरून पाणी सांडायला लागलं तेव्हा शालूबाईंनी ते दोन्ही हातांनी अडवलं आणि एखाद्या नवरीसारख्या लाजल्या.

दुसऱ्या दिवशी दिवस उजाडायच्या सुमारास सांडूंच्या उशाशी चहा आला. लग्नाच्या इतक्या वर्षांत हे पहिल्यांदा घडत होतं, त्यामुळं त्यांना आधी वाटलं कुणीतरी गेलं. "उठा," शालूबाई म्हणाल्या, "पळायचं नाय का?"

अशी सांडूंना पळण्याची प्रेरणा मिळाली. बायकोचा धाक आणि पाण्याची ओढ एकत्र आल्यावर कोण पांघरुणात राहील? पाण्याच्या दिवशी ते वरच्या गल्लीपासून स्टेशनपर्यंत एक फेरी मारत. ओला रस्ता, धुतलेलं अंगण, बंद दारामागची मोटरची गुणगुण, सगळं टिपत. स्कूटरवरून जाणाऱ्या माणसाला लोक ओळखत, दार लावून घेत, मोटर बंद करून तोंड पाडून उभे राहत. पण चड्डीतल्या, धापा टाकणाऱ्या माणसाचा संशय कुणाला येणार? उलट लोक त्यांची कीव करत. परत येताना कॉलनीच्या तोंडाशी सांडू नुसता हात वर करायचे, की घराघरातून हाक जायची, "मोटरी लावा, सांडू आले."

महिनाभरात सांडूंचा मान असा वाढला की काही विचारू नका. कारभारी गॅलरीतून सलाम ठोकू लागले. कोपऱ्यावरच्या केसरबाई, ज्यांना सत्तरीतही कॉलनीतल्या प्रत्येकाच्या पोटाची आणि पाठीची माहिती असे, त्या मेथीचे लाडू घेऊन आल्या. "उद्या जरा जलकुंभाकडून वळसा घेत जावा साहेब," असं कारभारी म्हणाले तर सांडूंना वाटे, हवालदार असून यांना सरावातलं किती कळतं. आपल्यातल्या खेळाडूची कॉलनीला कदर आहे, या भ्रमात गडी मजेत होता. पोट आत गेलं. पाच किलोमीटर पळता येऊ लागलं, मग सात. धम्मपाल एकदा चुकून 'सर' म्हणाला.

भ्रम फुटायला एक खड्डा पुरला.

पाण्याच्या पाळीचा दिवस होता. गणपतीच्या देवळापुढच्या एका बंद फाटकामागून मोटरची अगदी बारीक गुणगुण आली. खात्री करावी म्हणून सांडूंनी पळता पळता मान वळवली, कान टवकारला, आणि त्यांचा उजवा पाय झाकण नसलेल्या वॉल्वच्या खड्ड्यात गेला. पाय आत, सांडू बाहेर, आणि मधला घोटा कुठं जावं या विचारात. कळ अशी आली की डोळ्यांपुढं काजवे चमकले.

कुणीतरी निरोप दिला. कारभारी स्कूटरवरून आले. सांडू रस्त्याच्या कडेला पाय धरून बसलेले, चेहरा पांढराफटक. "कारभारी," ते विव्हळत म्हणाले, "पाय गेला हो."

"ते नंतर पाहू," कारभारी खाली वाकून हळूच म्हणाले. "पाणी कुठवर आलं?"

माणसाचा घोटा दुखतो तेव्हा त्याला इतर ठिकाणीही दुखू शकतं, हे सांडूंना त्या दिवशी कळलं. पाणी देवळापर्यंत आलंय हे त्यांनी सांगितलं. कारभारी आधी स्कूटर पळवत कॉलनीत जाऊन आले आणि मग त्यांना न्यायला परत आले.

त्यानंतर उपचार सुरू झाले, म्हणजे सांडूंचा पाय सार्वजनिक झाला. पहिला मान केसरबाईंचा. त्यांनी वीट तापवली, तिच्यावर रुईचं पान ठेवलं आणि सांडूंचा पाय त्यावर दाबला. "शेक बसू दे बापू, चरचरलं म्हणजे लागू पडू राहिलं," असं त्या म्हणाल्या. चरचरलं खरं. घोट्याचं दुखणं राहिलं बाजूला, तळव्याला फोड आला.

दुसरा नंबर कारभारींचा. त्यांच्या ओळखीचे एक पहेलवान छावणीत हात-पाय बसवून देत. डॉक्टर लोक नुसते फोटो काढतात, असं कारभारींचं मत होतं, म्हणून त्यांनी सांडूंना स्कूटरवर घालून थेट छावणीत नेलं. पहेलवानांनी घोट्यावर तेल टाकलं, छताकडं पाहिलं आणि निदान केलं, "कुच नै हुआ जी. नस पे नस चढ गई." मग त्यांनी सांडूंना त्यांच्या गावाचं नाव विचारलं. "अजिंठ्याजव..." एवढंच सांडूंच्या तोंडून निघालं, पुढचं अक्षर किंकाळीत गेलं. परत येताना त्यांना स्कूटरवर बसवायला दोन माणसं लागली.

शेवटी ते डॉक्टरकडं गेले. डॉक्टर भला माणूस. म्हणाला, काही तुटलेलं नाही, घोट्याचे बंध ताणलेत. पट्टा बांधा, महिनाभर पळणं बंद, मग हळूहळू व्यायाम. "आणि सकाळ-संध्याकाळ बादलीभर कोमट पाण्यात मीठ टाकून पाय बुडवून बसा."

"बादलीभर?" शालूबाईंनी विचारलं. "डॉक्टरसाहेब, दुसरं काही औषध नाय का? इंजेक्शन द्या, दोन द्या."

दुसरं औषध नव्हतं. मग कॉलनीची बैठक बसली. सांडूंचा पाय ही कॉलनीची मालमत्ता असून तो लवकर बरा होणं सगळ्यांच्या हिताचं आहे, असं कारभारींनी मांडलं, आणि घरटी एक तांब्या पाणी द्यायचं ठरलं. ते पाणी रोज तापवायचं, सांडूंचा पाय त्यात बुडवायचा, पुन्हा झाकून ठेवायचं. चार दिवसांनी ते कामाचं राहिलं नाही म्हणजे टाकून द्यायचं का? छे, दुष्काळात कोण पाणी टाकतो? ते कारभारींच्या लाडक्या कढीपत्त्याला घातलं. आठवड्यात कढीपत्त्यानं मान टाकली. पाण्यात मीठ होतं हे कुणाच्याच ध्यानात आलं नाही, सगळा ठपका सांडूंच्या पायावर आला. "पायगुण म्हणतात तो असा," कारभारी खिन्नपणे म्हणाले.

इकडं पाण्याचेही हाल झाले. कारभारी स्वतः स्कूटरवरून टेहळणीला जाऊ लागले, पण त्यांना पाहताच वरची गल्ली सुतकात असल्यासारखी गप्प व्हायची. दोन पाळ्या हुकल्या. लोक सांडूंच्या घरी येत, पायाकडं पाहत आणि पायालाच विचारल्यासारखं विचारत, "कधी उठणार?" सांडूंची तब्येत कशी आहे, त्यांना झोप लागते का, दौडीचं काय, हे कुणी विचारेना. आपण खेळाडू नव्हतो, आपण नुसता पाण्याचा भोंगा होतो, हे त्यांना लख्ख कळून चुकलं. मनातून माणूस पार उतरला.

महिना झाला, पट्टा सुटला, तरी ते उठेनात. डॉक्टरांनी सांगितलेला व्यायाम आज नको उद्या करू असं चाललं. सकाळी दिवाणावर पडून ते छताकडं पाहत. दौड पंधरवड्यावर आली होती. धम्मपाल विचारायला आला तर म्हणाले, "आता कसलं पळणं. वयही झालंय. तूच तर काका म्हणतोस."

शालूबाई हे स्वयंपाकघरातून ऐकत होत्या. धम्मपाल गेल्यावर त्या बाहेर आल्या, दाराआडचे सांडूंचे बूट उचलले, फडक्यानं पुसले आणि स्टूल घेऊन माळ्याखाली गेल्या.

"हे काय करू राहिलीस?"

"बूट हार्मोनियमशेजारी ठेवू का पुस्तकाशेजारी, तेवढं सांगा," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, टोमणाही नव्हता. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

सांडू दिवाणावर उठून बसले. मग म्हणाले, "खालीच राहू दे."

दुसऱ्या दिवसापासून ते चालू लागले. आधी कॉलनीच्या फाटकापर्यंत, मग देवळापर्यंत, मग हळूहळू धावत. प्रत्येक वॉल्वच्या खड्ड्याला लांबून नमस्कार करत. पाण्याची बातमी ते आणत, पण हात वर करण्यात आता पूर्वीची ऐट नव्हती. कॉलनीसाठी नव्हे, आपण आपल्यासाठी पळतोय, हे ते स्वतःला रोज बजावत. त्या कमानीखालून जायचं, बस.

दौडीचा रविवार उजाडला. पाण्याची पाळी मंगळवारची होती, घरातले ड्रम खरवडायला आले होते. शालूबाईंनी तरीही नवऱ्याला अंघोळीला पुरी बादली दिली आणि दही-साखर हातावर ठेवली. "येते की मी बघायला," असं त्या म्हणाल्या, पण सांडूंनीच नको म्हटलं. मधेच बसावं लागलं तर ते बायकोसमोर नको, हा त्यांचा विचार. चड्डीला खिसा नव्हता म्हणून मोबाइलही घरीच ठेवला.

सिडकोतल्या मैदानावर हवा भरलेली मोठी निळी कमान उभी होती. तिथून निघायचं, जालना रोडनं विमानतळापर्यंत जायचं आणि परत त्याच कमानीखाली यायचं. ढोल वाजले, धम्मपाल हरणासारखा दिसेनासा झाला, आणि सांडू आपल्या चालीनं निघाले. रस्ता रिकामा, ऊन कोवळं, घोटा गप्प. विमानतळाचा वळसा घेईपर्यंत सगळं छान चाललं.

अडचण आली ती पाण्याच्या टेबलांवर. तिथं ग्लास भरून ठेवलेले. पळणारे येत, दोन घोट घेत आणि उरलेलं पाणी ग्लासासकट फेकून पुढं जात. रस्ता ओला झाला होता. सांडूंना ते बघवेना. त्यांनी आपला ग्लास उभं राहून शेवटच्या थेंबापर्यंत संपवला. शेजारच्यानं अर्धा ठेवलेला तोही संपवला. मग आणखी दोन. वाहून जाणारं पाणी पोटात घालणं हे पुण्य आहे, पण त्यानंतर पळणं हे प्रायश्चित्त आहे. प्रत्येक पावलाला पोटातून डबक डबक आवाज येऊ लागला, आणि शाळेतल्या पोरी बोलत बोलत त्यांना मागं टाकून गेल्या.

मुकुंदवाडीच्या चौकाजवळ आले तेव्हा कमान तीनेक किलोमीटरवर राहिली होती. पाय जड झाले होते, घोटा कुरकुरत होता, पण सांडूंना आतून माहीत होतं की आज होतंय. आणि तिथं, रस्त्याच्या कडेला, खांद्यावर लोखंडी चावी टाकून मुंजाबा उभा होता. दौड बघत होता.

सांडूंचे पाय आपोआप थांबले. "मुंजाबा, आज रविवारी चावी कशाला?"

"काय सांगावं साहेब," मुंजाबा म्हणाला, "मंगळवारी साडूच्या पोरीची हळद हाय. म्हटलं तुमची पाळी आजच उरकून टाकू. तुमचाच वॉल्व फिरवून आलो आत्ता."

"कॉलनीत सांगितलं का कुणाला?"

"सांगायचं काय त्यात? पाणी आल्यावर कळलंच की."

कळणार नव्हतं. रविवारची सकाळ, मंगळवारची पाळी, सगळ्या मोटरी बंद. पाणी आपल्या दारापुढून गुपचूप निघून जाईल आणि पुढच्या पाळीपर्यंत केसरबाईंच्या घरात ड्रम उपडे पडतील. सांडूंनी मुंजाबाला मोबाइल मागितला. तो चार्जिंगला घरी होता. चौकात पळणाऱ्यांना वाट दाखवायला उभ्या असलेल्या एका मुलीनं आपला मोबाइल पुढं केला, "घ्या ना काका." सांडूंनी तो घेतला आणि तसेच उभे राहिले. त्यांना बायकोचा नंबर पाठ नव्हता. कुणाचाच नव्हता. पाठ होता तो एक शाळेचा, आणि रविवारी तिथं फोन उचलायला चिमण्याही नसतात.

समोर सरळ रस्ता कमानीकडं जात होता. डावीकडं स्टेशनची गल्ली कॉलनीकडं जात होती. तेव्हा सांडूंच्या मनात काय आलं ते त्यांनी पुढं कधी लपवलं नाही. आधी आलं, मरू दे, भोंगा म्हणूनच तर वापरलं यांनी मला. मग केसरबाईंचा तांब्या आठवला. त्या बाईच्या घरात पाणी नसताना तिनं तो सांडूंच्या पायासाठी आणून ओतला होता. सांडूंच्या डोळ्यांत पाणी आलं. ते डावीकडं वळले.

आयुष्यात इतके जोरात ते कधीच पळाले नव्हते. कॉलनीच्या तोंडाशी येताच त्यांनी दोन्ही हात वर केले. कारभारी गॅलरीत दात घासत होते. "जिंकले काय हो?" त्यांनी तोंडात फेस असताना विचारलं.

"मोटरी लावा," सांडू ओरडले. "आज सोडलंय. मोटरी लावा."

पुढचं मिनिटभर कॉलनीत जे झालं ते युद्धातही होत नसेल. शालूबाई धावत बाहेर आल्या, मोटरचं बटण दाबलं, पाणी आलं, आणि मग त्यांनी नवऱ्याकडं नीट पाहिलं. छातीवर दौडीचा नंबर, पायात बूट, आणि माणूस घरी.

"झाली दौड?"

"नाही. सोडली. तीन किलोमीटर राहिली होती." सांडू पायरीवर बसायला गेले.

"बसू नका," शालूबाई म्हणाल्या. "कामून बसता? जावा परत."

"अगं, आता काय राहिलंय तिथं..."

"जावा म्हणते ना."

केसरबाई कंबरेवर कळशी घेऊन उभ्या होत्या. "जा बापू," त्या म्हणाल्या. "पेटी सोडली ते बरं केलं, कान वाचले आमचे. हे नको सोडू."

कारभारींनी तोंड पुसून स्कूटर काढली. "बसा मागं, कमानीपाशी सोडतो. कुणाला कळतंय?"

सांडूंनी स्कूटरकडं पाहिलं. मोह झाला, नाही असं नाही. घोटा ठणकत होता, पोटात अजून चार ग्लास होते. पण ते उठले. "पायानं आलो, पायानं जाईन," एवढं बोलून ते निघाले, आणि या खेपेला त्यांच्या मागं कुणी पाणी कुठवर आलं असं विचारलं नाही. गॅलऱ्यांतून टाळ्या वाजल्या. एका हातात पाइप धरून टाळी वाजवायची कशी, याचा सगळ्यांनी आपापला मार्ग काढला.

चौकात ते जिथून वळले होते त्याच जागी आले आणि सरळ निघाले. मुंजाबा गेला होता, मुलगी गेली होती, टेबलं उचलली होती. रस्ता वाहनांना खुला झालेला. रिक्षावाले हॉर्न देत होते, एकानं विचारलंही, "कहाँ छोडूं चचा?" घोटा प्रत्येक पावलाला आपली हजेरी लावत होता. थोडं पळायचं, थोडं लंगडायचं, पुन्हा पळायचं. आपल्याला कुणी बघत नाही आणि तरी आपण थांबत नाही, याचं त्यांना स्वतःलाच नवल वाटलं.

मैदान दिसलं. पण कमान नव्हती. निळं कापड जमिनीवर लोळत पडलं होतं आणि दोन माणसं त्याची घडी घालायला वाकली होती. एवढं सगळं करून आपलं हेही अर्ध्यावरच. त्यांना रडू फुटणार होतं, तेवढ्यात ते निळं कापड हललं. एक बाजू फुगली, दुसरी फुगली, आणि सगळी कमान डुलत डुलत उभी राहिली.

काय घडलं ते धम्मपालनं नंतर सांगितलं. कारभारींची स्कूटर आतल्या रस्त्यानं आधीच मैदानात शिरली, मागं शालूबाई. त्यांनी कमान खाली आलेली पाहिली आणि माइकवाल्याला गाठलं. तो म्हणाला, "काकू, रेस संपली, बाजूला व्हा."

"संपली कशी?" शालूबाई म्हणाल्या. "माझा माणूस अजून पळू राहिलाय."

माइकवाला काहीतरी नियम सांगू लागला. शालूबाईंनी त्याच्याकडं लक्षच दिलं नाही. कमानीत हवा भरणारी मोटर त्यांना दिसली होती, आणि मोटर म्हटल्यावर त्या बाईला कुणाकडून काही शिकायचं नव्हतं. सरळ गेल्या, बटण दाबलं आणि त्या दोन माणसांना म्हणाल्या, "सोडा ते कापड."

सांडू कमानीखालून गेले. ढोल नव्हते, फोटोवाला गेला होता. कारभारींनी खाड्कन टाच जुळवून सलाम ठोकला, धम्मपालनं शिट्टी मारली. "सर, जमलं की तुम्हाला," तो म्हणाला. मोठ्यांची पदकं संपली होती, म्हणून त्यांना शाळकरी मुलींच्या तीन किलोमीटरच्या गटाचं पदक मिळालं. सांडूंनी ते गळ्यात घातलं आणि दिवसभर काढलं नाही.

शालूबाई पुढं आल्या. पदर ओला होता, हातात पाइपाच्या जोडाला गुंडाळायचं फडकं तसंच राहिलेलं. त्याच फडक्यानं त्यांनी नवऱ्याचं तोंड पुसलं. तेव्हा सांडूंच्या डोक्यात उजेड पडला. पाणी चालू असताना ही बाई घराचा उंबरा ओलांडत नसे. सख्ख्या भावाच्या साखरपुड्याला ती गेली नव्हती, कारण त्या दिवशी पाळी होती.

"अगं, टाकी?" त्यांनी घाबरून विचारलं.

"अर्धी झाली," शालूबाई म्हणाल्या. "सोडून आले."